करवत वाटेत आहे

आमच्या भागात ऑनलाइन मागवलेली वस्तू एकटी, एसटीनं येते, आणि वाटेत कुणी जेवायला थांबवलं तर तिला थांबावं लागतं.

विजेवरची करवत मागवताना हे मला माहीत होतं. तरीही मी 'तातडीनं' या चौकोनात खूण केली. माझी नुकतीच भौतिकशास्त्रात पदवी झाली होती, आणि देश ज्या गोष्टींमुळे मागे राहिला त्यांत माझ्या मते आग्रहाचा नंबर पहिला होता.

करवत हवी होती ती साकवासाठी. आमची तळकरवाडी आणि समोरची पल्याडवाडी यांच्या मध्ये ओढा आहे. शाळा आमच्या बाजूला आणि निम्मी मुलं त्यांच्या बाजूला. ओढ्यावरचा जुना लाकडी साकव गेल्या साली वाहून गेला. पंचायतीचा सिमेंटचा साकव मंजूर आहे. मी तिसरीत असल्यापासून तो मंजूर आहे. यंदा शाळा उघडण्याच्या दिवशी केंद्रप्रमुख पट मोजायला येणार होते. पल्याडची मुलं हजर नसतील तर शाळा बंद, मुलं दूरच्या शाळेत, आणि दूरची शाळा म्हणजे मुलींसाठी शाळा नाहीच. हे सगळ्यांना कळत होतं. सगळे म्हणत होते, "व्हय, काय तरी कराया पायजे."

वादळात पडलेली ऐनाची दोन झाडं पंचायतीनं ठराव करून आमच्या युवक मंडळाला दिली. हातकरवतीनं पहिला ओंडका निम्मा कापून होईपर्यंत मंडळाचे दोन सदस्य पुण्याला नोकरीसाठी निघून गेले. उरलेल्यांचे तळहात सुजले. मग मी करवत निवडायला बसले.

निवडणंही सोपं नव्हतं. एका करवतीखाली कुणीतरी लिहिलं होतं, 'सासूबाईंना रंग आवडला नाही, एक तारा.' दुसरीखाली लिहिलं होतं, 'उत्तम आहे, अजून उघडली नाही, पाच तारे.' पैसे भरल्यावर पडद्यावर आलं की ज्यांनी ही करवत घेतली त्यांनी मलमपट्टीही घेतली. मी मलमपट्टी घेतली नाही.

आमच्याकडे रेंज फक्त पाण्याच्या टाकीपाशी येते. रोज सकाळी मी तिथं जाऊन उभी राहायचे. पहिला संदेश चांगला होता: 'आपली करवत निघाली आहे.' दुसराही बरा होता: 'आपली करवत कराडला उतरली आहे.' त्यानंतर मात्र रोज तोच संदेश येऊ लागला: 'आपली करवत कराडला जेवायला बसली आहे.'

मी कंपनीला फोन लावला. विपुल नावाचा मुलगा बोलत होता.

"मॅडम, तक्रारीचा प्रकार सांगा. उशीर, मोडतोड की आग्रह?"

"उशीर."

"जेवायला बसली असेल तर तो उशीर धरत नाहीत, मॅडम. तो आग्रह."

"बरं, आग्रह."

"आग्रहावर आमच्याकडून कारवाई होत नाही. समोरच्याचं मन मोडतं."

"मग मी ऑर्डर रद्द करते!"

"करू शकता. पण रद्द केली तर करवत जिथं आहे तिथंच राहते. कराडच्या बाई ठेवून घ्यायला तयार आहेत. तसं त्यांनी दोनदा कळवलंय." मग तो म्हणाला, "मॅडम, माझं ऐका. त्यांचा नंबर देतो. जरा गोड बोला."

कराडच्या बाई म्हणजे बर्गेकाकू. पहिल्याच रिंगला त्यांनी फोन उचलला.

"काकू, माझी करवत तुमच्याकडे आहे का?"

"आहे की! आत्ताच जेवली. तू कोण? बरोबर, तळकरवाडीची ऋजुता. सांगत होती ती. फार घाई करते म्हणाली पोरगी."

"तिला फोन द्या."

"झोपलीय गं. दुपारची वेळ. तू जेवलीस?"

"काकू, आमची शाळा बंद पडायची वेळ आलीय आणि तुम्ही तिला झोपवता?"

"अगं, मुंबईहून आलेलं लेकरू. दाते बघ तिचे, किती कोरडे पडले होते. तेल लावलं. काल उठून स्वतःच म्हणाली, काकू, बसून कंटाळा आला, काहीतरी काम द्या. मग तिनं एक पाट करून दिला. असा सुबक झालाय! आता त्या पाटावर तिला जेवू घातल्याशिवाय कशी पाठवू?"

"मग आजच घाला!"

"आज शनिवार. शनिवारी लेकीबाळींना कोण पाठवतं?"

रविवारी तिला पुरणपोळीचं जेवण झालं आणि सोमवारी ती निघाली. बर्गेकाकू तिला पोचवायला म्हणून फाटकापर्यंत आल्या, फाटकापाशी बोलणं संपेना म्हणून स्टँडपर्यंत आल्या, आणि स्टँडवर गाडी लागलेली होती म्हणून गाडीत बसल्या. कंपनीनं तसं कळवलं: 'आपली करवत निघाली आहे. सोबत एक व्यक्ती.'

दोघी मुदाळतिट्ट्याला उतरल्या. तिथं मुजावरचाचांचा सुतारकामाचा कारखाना आहे. चाचांनी करवतीला गाडीतून उतरताना पाहिलं आणि रस्ता ओलांडून आले.

हे मला शुक्रवारी चाचांनीच सांगितलं, फोनवर. त्यांचा आवाज मोठा होता, आणि मागून आणखी पुष्कळ आवाज येत होते.

"बेटा, आमच्या धंद्यातली पोर दारावरनं जातीया आणि आम्ही तशीच जाऊ देऊ? काय म्हणतील लोक?"

"चाचा, लोक काही म्हणणार नाहीत. लोकांना कळणारसुद्धा नाही!"

"कळलंय की. सगळी आल्यात बघाया."

"सोमवारी शाळा उघडतेय, चाचा. साकव झाला नाही तर शाळाच राहणार नाही. तुमच्याकडं जेवण किती वेळ चालणार?"

"बिर्याणी झाली. आता आमची म्हातारी म्हणतीया, पोरीची ओटी भराया पायजे. खोबरं आणायला माणूस पाठवलाय." मग ते जरा हळू बोलले. "साकव किती रुंद?"

मी सांगितलं.

"आणि मधी खांब किती?"

तेही सांगितलं. माझा नकाशा मी स्वतः काढला होता आणि तो बरोबर होता.

"बरोबर हाय," चाचा म्हणाले. "पण खोबरं यिऊ दे."

मी टाकीपासून घरी आले तेव्हा आत्ती भाकरी थापत होती. आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची मोठी बहीण; आमच्या घरात शेवटचा शब्द तिचा. मी तिच्यासमोर देशाच्या प्रगतीवर बराच वेळ बोलले. जपानचं नाव घेतलं. जगात वस्तू माणसाकडे धावत येतात आणि आपल्याकडे वस्तूची ओटी भरतात, असं म्हणाले.

आत्तीनं भाकरी उलटली. "खणाची भरतील का साडीची?"

"आत्ती!"

"इचारलं हो. आपल्याला बी पुढं तसंच कराया लागंल."

रविवारी दुपारी एसटी आली. शाळा दुसऱ्या दिवशी उघडणार होती. आमच्या थांब्यावर ती गाडी एरवी थांबल्यासारखं करून निघून जाते. त्या दिवशी इंजिन बंद करून उभी राहिली. आधी बर्गेकाकू उतरल्या. मग मुजावरचाचा, त्यांची म्हातारी, कारखान्यातले कामगार, तिट्ट्यावरचा वडेवाला, आणि करवतीला खिडकीची जागा दिली म्हणून ओळख झालेलं एक कुटुंब. सगळे तिला पोचवायला आले होते. शेवटी कंडक्टरनं हात दिला आणि करवत उतरली. लाल रंगाची, नीटस, पाठीला बॅटरी, ओटीत हिरवा खण आणि खोबरं. मला तिचा रंग आवडला, हे मी कुणाला सांगितलं नाही.

"तूच ऋजुता ना?" ती म्हणाली. "उशीर झाला. मलाही कळत होतं. पण कुणाचं मन मोडवेना."

"चल," मी म्हणाले. "ओंडके ओढ्यावरच आहेत. अंधार व्हायच्या आत..."

"कुठं चाललीस तिला घिऊन?" मागून आत्तीचा आवाज आला. तिच्या हातात भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या होता. तिनं तुकडा करवतीवरून ओवाळून टाकला, तिच्या दात्यांवर पाणी शिंपडलं आणि तिला अंगणातल्या खुर्चीत बसवलं. "आत्ता आलंया लेकरू. लगेच कामाला जुपतीस? लाज न्हाई वाटत?"

"आत्ती, ती करवत आहे. कामासाठीच मागवलीय!"

"माणूस बी कामासाठीच जल्माला येतंय. म्हणून पाव्हणीला पयल्या दिशी कुणी झाडू देतंय का हातात?"

मी सरपंच तात्यांकडे पाहिलं. तात्या नेहमीप्रमाणे दोन्ही बाजूंचं ऐकून घेत होते. "तसा रिवाज हाय खरा," ते म्हणाले. "पाव्हणं दीड दिवस तरी पाव्हणंच."

"उद्या सकाळी शाळा आहे, तात्या!"

"त्ये बी खरं."

त्या क्षणी मला रडू आलं. इतक्या सगळ्या माणसांसमोर, हातात माझा बरोबर असलेला नकाशा घेऊन, मी रडले. ओढ्यापलीकडे पल्याडवाडीची पोरं ओळीनं उभी होती. गणवेश आदल्या दिवशीच घालून ती बघायला आली होती. करवत खुर्चीत चुळबुळली. "आत्ती, मी जरा येऊ का जाऊन?"

"गप बस पोरी. आधी खा." आत्तीनं तिचा चार्जर आमच्या ओसरीवरच्या बोर्डाला लावला. करवतीचा हिरवा दिवा लागला आणि तिला पुढं काही बोलता येईना.

तेव्हा मुजावरचाचा उठले आणि त्यांनी विचारलं, "आम्ही पाव्हणं हाय का?"

आत्ती विचारात पडली. प्रश्न साधा नव्हता. तात्याही विचारात पडले. पाहुणीला पोचवायला आलेला माणूस पाहुणा धरायचा की नाही, यावर गावात पूर्वी एकदाच वाद झाला होता आणि तो मिटला नव्हता.

"न्हाई," शेवटी आत्ती म्हणाली. "पोचवायला आलेला माणूस पाव्हण्याच्या घरचा. पाव्हणी आमची झाली म्हणजे तुमी बी घरचंच."

"घरच्या माणसाला काम सांगत्यात न्हवं?"

"घरच्याला न्हाई तर कुणाला सांगत्यात?"

चाचांनी पिशवीतून हातकरवत काढली. त्यांच्या कामगारांनीही काढल्या. बर्गेकाकूंनी पदर खोचला. वडेवाल्यानं विचारलं, चूल कुठं मांडू. कंडक्टर ड्रायव्हरला म्हणाला की आपणही पोचवायलाच आलोय, कागदावर काही का असेना. आणि गाडीतल्या बाकीच्या प्रवाशांनी खाली उतरून त्याला दुजोरा दिला.

माझा नकाशा आंब्याच्या बुंध्याला खिळ्यानं लावला. मी मापं ओरडून सांगत होते आणि लोक कापत होते. आमच्या मंडळाची सुजलेल्या हातांची मुलंही आली. पलीकडून पल्याडवाडीची माणसं ओढ्यात उतरली आणि त्यांनी त्यांच्या बाजूचे खांब रोवले. एका खांबावरून माझं आणि चाचांचं भांडण झालं. तो मी म्हणत होते तिथं रोवला, पण चाचा म्हणत होते तितका खोल. करवत अंगणात खुर्चीवर बसून सगळं पाहत होती. अधूनमधून कुणीतरी जाऊन तिला वडा दाखवून येई.

दिवेलागणीला शेवटची फळी बसली. बर्गेकाकू फळीवर नाचून बघत म्हणाल्या, "काय गं, पाटापेक्षा बरं झालंय!" मग आत्तीनं सगळ्यांना पंगतीत बसवलं. काम झाल्यावर सगळे पुन्हा पाहुणे झाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पल्याडवाडीची मुलं साकवावरून आली. केंद्रप्रमुखांनी पट मोजला, पुन्हा मोजला, आणि शाळा चालू राहील असं सांगून जायला निघाले. ते जेवून गेले.

टाकीपाशी गेले तर कंपनीचा संदेश आला होता: 'वस्तू कशी वाटली?' मी पाच तारे दिले आणि लिहिलं, 'उत्तम आहे, अजून वापरली नाही.'

संध्याकाळी करवतीचा दीड दिवस संपला. मी तिला हात लावणार, तेवढ्यात पल्याडवाडीच्या गजराकाकी साकवावरून तुरुतुरु चालत आल्या. "अगं, तुझ्यापायी साकव झाला आणि आमच्याकडं पाय बी न लावता ऱ्हातीस? चल. घावनं केल्यात."

करवतीनं माझ्याकडे पाहिलं. मी आत्तीकडे पाहिलं.

"बघतीस काय?" आत्ती म्हणाली. "एकटीला पाठवतीस व्हय? जा, पोचवून ये."

मी चप्पल घातली. साकवाच्या मध्यापर्यंत जाऊन परत फिरायचं, असं मी ठरवलं होतं. मध्यावर करवत काहीतरी सांगत होती, ते संपेना.

त्या संध्याकाळी टाकीपाशी कुणी नव्हतं, म्हणून पुढचा संदेश मी दुसऱ्या दिवशी वाचला. त्यात लिहिलं होतं: 'आपली करवत पल्याडवाडीत पोचली आहे. सोबत एक व्यक्ती. दोघी जेवायला बसल्या आहेत.'