गफूरभाईंचं माप

फेब्रुवारीची दोन तारीख, रविवार, सकाळी साडेदहा. रक्कम पाच हजार, आगाऊ. हजर चौघं: मी, माझी मुलगी सायली, माझा मेव्हणा संदीप आणि जुन्नरचे रेडिएटरवाले गफूरभाई. मी नोटा पुढे केल्या. गफूरभाईंनी त्या घेतल्या नाहीत. त्यांनी गळ्यातली शिंप्याची टेप काढली, माझ्या मानेभोवती फिरवली आणि म्हणाले, "साडेपंधरा. अन् शर्ट घातलाय सोळाचा. म्हनून कॉलर अशी भोंग्यावानी उभी ऱ्हाती." मग पैसे घेतले.

आम्ही गेलो होतो गाडीच्या कामाला.

ही टेप त्यांच्या वडिलांची. वडील शिंपी होते. मुलगा रेडिएटर आणि कूलर जोडायच्या धंद्यात गेला, पण टेप गळ्यातून उतरली नाही. समोर येईल ते गफूरभाई मोजतात. शेजारच्या हॉटेलवाल्याला त्यांनी एकदा सांगितलं की तुझं पातेलं शेगडीपेक्षा चार इंच मोठं आहे, कडेचं दूध गार राहतं, म्हणून तुझा चहा पांचट. हॉटेलवाला आठ दिवस बोलला नाही. नवव्या दिवशी त्याने लहान पातेलं आणलं. चहा खरंच सुधारला. तेव्हापासून त्यांच्याकडून तो चहाचे पैसे घेत नाही आणि ते दिल्याशिवाय राहत नाहीत, असा रोजचा तंटा चालतो.

आता आमचं काम. सायली डिंभ्याच्या पलीकडे, डोंगरातल्या एका आरोग्य उपकेंद्रात आहे. आम्ही राहतो कळंबला. रोज सकाळी ती आमची जुनी टर्बो डिझेल गाडी घेऊन घाट चढते. मागे लसींची पेटी, वाटेत गावातल्या आशा कार्यकर्त्या हिराबाई बसतात, कधी एखादी पेशंट. जानेवारीत एका वळणावर गाडीचा दम गेला आणि ती दीड-दोन फूट मागे सरकली. मागच्या सीटवर सात महिन्यांची गरोदर बाई होती. काही झालं नाही. पण त्या संध्याकाळी मी सायलीला स्पष्ट सांगितलं, गाडी मार्चपर्यंत नीट झाली नाही तर बदलीचा अर्ज करायचा.

"पप्पा, माझ्या आधीचे तिघं तिथं वर्षभरसुद्धा टिकले नाहीत," ती म्हणाली. "आता कुठं बायका तपासायला यायला लागल्यात."

"गाडी टिकली तर तू टिक," मी म्हणालो. एवढं कठोर बोलायची गरज नव्हती, पण बोललो.

मेकॅनिकने सांगितलं, इंटरकूलर चिरलाय, शिवाय आतून चोंदलाय. नवा घाला. इथे संदीप मध्ये पडला. त्याचं आळेफाट्याला टायरचं दुकान आहे आणि दुकानात गिऱ्हाइकापेक्षा मोबाइलवरचे व्हिडिओ जास्त चालतात. त्याने कुठल्याशा ट्रकचा इंटरकूलर उचलून आणला. लांबी चोवीस इंच, उंची बारा. आमचा मूळचा चौदा बाय सहा. "दाजी, जेवढा मोठा तेवढा गार. हिशेब सरळ हाय," तो म्हणाला. मलाही हिशेब सरळ वाटला.

गफूरभाईंनी ते धूड गाडीपुढे उभं केलं आणि चार पावलं मागे जाऊन पाहिलं.

"पावणं, गाडीला हा बसवायचा, का ह्याला गाडी बसवायची?"

"बंपर कापू की थोडा," संदीप म्हणाला.

"कापा. मंग रेडिएटरचं वारं अडंल. हवा गार अन् इंजिन गरम. मंग रेडिएटर मोठा करा. मंग बॉनेट कापा. शेवटी नंबरप्लेट तेवढी जुनी ऱ्हाईल."

मग त्यांनी मला समजावलं. टर्बो म्हणजे भाता. तो हवा दाबतो, दाबलेली हवा तापते, तापलेली हवा विरळ. इंजिनाला ती गार करून द्यायची. "इंटरकूलर म्हंजे त्या हवंची पडवी. घडीभर टेकायचं अन् आत जायचं. पडवी ल्हान असली तर हवा घामेजलेलीच आत जाती. लई मोठी केली तर ती तिथंच पाय पसरून बसती. तुमी पाय दाबताय अन् टर्बो म्हंतोय, थांबा, आधी पडवी भरू द्या. वळनावर तेवढ्यात गाडी मागं येती, भाऊ. लागंल तेवढंच पायजे."

'लागंल तेवढंच' हे त्यांचं पालुपद. सिमेंटपासून सुनेच्या दागिन्यांपर्यंत सगळ्याला ते हेच लावतात.

माप घ्यायची पद्धत त्यांची स्वतःची. मी दूध संस्थेत हिशेबनीस आहे. तिथे दुधाचं तापमान बघायला वायर असलेले डिजिटल थर्मामीटर असतात. त्यांतले दोन मी आठ दिवसांच्या बोलीवर, रजिस्टरला नोंद करून आणले. एकाची वायर इंटरकूलरच्या आधीच्या पाइपाला चिकटवली, दुसऱ्याची नंतरच्या. दोन्ही डबे डॅशबोर्डवर. मग मी गाडी चालवली, गफूरभाई शेजारी, मागे सायली आणि वजनाला कांद्याच्या तीन गोण्या. घाटभर गफूरभाई एका हाताने वरचा दांडा धरून बसले होते आणि डोळे फक्त आकडे वाचायला उघडत होते. त्यांना घाटाची भीती वाटते हे मला त्या दिवशी कळलं. विचारलं तर म्हणाले, "भीती कसली? दरीचं माप घेता येत न्हाई, म्हनून बघत न्हाई."

दहा दिवसांत त्यांनी इंटरकूलर तयार केला. वीस बाय नऊ. जोड असे की बोट फिरवलं तरी लागू नयेत. बसवायला गाडी घेऊन सायली एकटीच गेली, कारण मी संस्थेत अडकलो होतो. तासाभराने गफूरभाईंचा फोन.

"भाऊ, गाडी कोन चालवतं?"

"सायली. रोज तीच जाते."

"मंग माप तुमचं कशाला दिलं?"

मी हातातलं पेन खाली ठेवलं.

"लगीन पोरीचं अन् ब्लाउज बापाच्या मापाचा शिवायला टाकला तुमी! तुमी दुसऱ्या गेरात गाडी बोंबलवत चढवता. ही पोरगी आत्ता माझ्यापुढं चालवत आली, तिसऱ्या गेरात, दबकत. इंजिनाचा आवाजच न्हाई."

"मागे लसी असतात चाचा," पलीकडून सायलीचा आवाज आला. "आणि हिराबाईंना गाडी लागते."

"ऐका! हवाच कमी दाबली जाती. हिला नऊ इंचाची पडवी काय करायची? मी हा बसवनार न्हाई."

"अहो, बनवून झालाय ना? चालेल थोडं इकडं-तिकडं," मी म्हणालो. मला मार्च दिसत होता. अर्जाचा कोरा नमुनाही मी आणून ठेवला होता.

"तुमच्या दुधाच्या हिशेबात चालतं का थोडं इकडं-तिकडं?"

चालत नाही.

पुन्हा घाट झाला. या वेळी सायली चालवत होती, मी मागे गोण्यांच्या जागी हिराबाईंसोबत. आकडे खरोखरच वेगळे आले. दुसरा इंटरकूलर अठरा बाय सात, जाडी अडीच. पहिला अजून त्यांच्या भिंतीवर टांगलेला आहे. कोणी विचारलं तर सांगतात, "त्यो हिशेबनिसांचा. त्यांचं माप हाय, दुसऱ्याला बसत न्हाई." ट्रकचा तो इंटरकूलर संदीप आळेफाट्याला परत घेऊन गेला. सध्या तो दुकानापुढे दार वाऱ्याने आपटू नये म्हणून लावलेला असतो आणि तिथे अगदी बरोबर बसतो.

पाच मार्चला गाडी पहिल्यांदा भरल्या वजनाने घाट चढली. ज्या वळणावर मागे सरकली होती तिथे सायलीने मुद्दाम थांबवली आणि पुन्हा उचलली. हिराबाईंनी मागून टाळ्या वाजवल्या, असं ती सांगत होती. अर्जाचा नमुना मी फाडला. उरलेले साडेआठ हजार त्याच दिवशी गफूरभाईंना पोचते केले. त्यांनी एकच अट घातली: आठ दिवस रोज घाटमाथ्यावर पोचलं की सायलीने फोन करून दोन्ही थर्मामीटरचे आकडे सांगायचे.

मार्चअखेर संस्थेत वस्तूंची मोजणी असते. दोन थर्मामीटर कमी. मी सायलीकडे मागितले.

"एकाची वायर उंदरानं कुरतडली, पप्पा. झाले की पंधरा दिवस."

"मग चाचांचे फोन बंद केलेस ना? आठ दिवस तर कधीच झाले."

"नाही. एकदा नेटवर्क नव्हतं म्हणून केला नाही, तर दुपारपर्यंत त्यांचे सात मिस्ड कॉल होते. आता रोज करते. शहाण्णव आणि एकावन्न सांगते. तुम्ही त्यांना सांगू नका हं."

मुलगी पंधरा दिवस खोटे आकडे देते, ही गोष्ट माझ्यासारख्याला पचणं अवघड. पुढच्या रविवारी जुन्नरला गेलो. गफूरभाईंची वही गल्ल्यावरच होती. ते पाठमोरे जोड देत होते. मी उघडली. तारीख, शहाण्णव, एकावन्न. तारीख, शहाण्णव, एकावन्न. ओळीने, पानभर. आणि शेजारी बारीक अक्षरात: "हिराबाई आल्या न्हाईत." "जुळं झालं, दोन्ही ठीक." "आवाज बसलाय, काढा सांगितला." "डबा इसरली."

"गफूरभाई," मी म्हणालो, "ती वायर तुटलीय."

"म्हाईत हाय." त्यांनी मान वळवली नाही. "एक दिवस गाडीत चार मानसं, एक दिवस पोरगी एकटी. आकडा त्योच कसा यील? मला काय येडा समजता?"

"मग लिहिता कशाला?"

त्यांनी हातातलं काम ठेवलं. दुकानाच्या मागच्याच खोलीत ते राहतात. दार अर्धं उघडं होतं. आत एक खाट, एक ताट, एक पेला. बायको जाऊन सहा वर्षं झाली, हे मला हॉटेलवाल्याकडून माहीत होतं. त्यांनी स्वतः कधी सांगितलं नव्हतं.

"पावनेनऊला फोन वाजतो, भाऊ," ते म्हणाले. "पोरगी घाट चढली, एवढं कळतं. मंग मी दुकान उघडतो." टेप त्यांनी बोटाभोवती गुंडाळली, सोडली. "तिला नका सांगू. बिचारी रोज आठवनीनं आकडा सांगती."

मी वही मिटून जागच्या जागी ठेवली.

सोमवारी दोन थर्मामीटरचे सहाशे चाळीस रुपये मी माझ्या खिशातून दूध संस्थेत भरले आणि पावती घेतली. पावतीवर कारणाचा रकाना असतो. त्यात मी लिहिलं, 'दोन्ही चालू वापरात.'