आदरणीय कुमुदबाई जी

कौमुदीला पहिलं गिऱ्हाईक मिळालं, त्या संध्याकाळी घरात कोणाला आनंद झाला नाही. सोशल मीडिया मॅनेजरचा कोर्स संपवून तिने रायपूरच्या चौबे कॉलोनीतली बेकरी, ब्यूटी पार्लर, कोचिंग क्लास आणि दातांचे डॉक्टर असे सगळे उंबरे झिजवले होते. सगळीकडे कोणाचा तरी भाचा हे काम फुकटात करत होता. शेवटी होकार आला तो तात्यापारा मोहल्ल्यातून, अनंतरावांच्या दुकानातून. दुकानात बांबू, मडकी, पांढरं कापड, सुतळी, गवऱ्या आणि अबीर मिळे. माणूस गेला की रायपुरातली कितीतरी घरं पहिला फोन अनंतरावांना करत, दुसरा नातेवाइकांना.

"तिरडीच्या सामानाचं पेज?" सुशीलरावांनी हातातला चहा खाली ठेवला. ते नव्या रायपूरला मंत्रालयात नोकरीला होते आणि दिवसभर फायली बघून आलेल्या माणसाला धक्का सहसा बसत नाही. "त्याच्यावर टाकशील काय? नवीन माल आला म्हणून?"

"बाबा, बिझनेस म्हणजे बिझनेस."

"बिझनेस!" त्यांनी बायकोकडे पाहिलं. "क्षमा, ऐकून राहिली ना?"

क्षमाताई चकलीची भाजणी चाळत होत्या. त्या म्हणाल्या, "करू द्या ना. रिकामी तर नाही बसली पोट्टी."

सुशीलरावांनी करू दिलं, पण मुदत घातली. त्यांचा मित्र रणजित शहराबाहेर सिलतऱ्याच्या एका लोखंडाच्या कारखान्यात ऑफिस सांभाळत असे. तिथे कॉम्प्युटरवर गाड्यांच्या नोंदी करायला एक मुलगी हवी होती. "दिवाळीपर्यंत पाहून घे. हे एक गिऱ्हाईक टिकवून दाखव. नाही टिकलं तर दिवाळीनंतरच्या सोमवारपासून सिलतरा. मी रणजितले शब्द दिला आहे."

सिलतऱ्याला कौमुदी एकदा जाऊन आली होती. तिथे झाडांची पानंही काळी होती. तिने दुसऱ्याच दिवशी तात्यापारा गाठला.

अनंतराव स्टुलावर बसून सुतळीची गुंडी करत होते. त्यांनी तिला "ये" म्हटलं नाही, नुसती मान हलवली. त्या दुकानात कोणाला "या" म्हणायची पद्धत नव्हती, आणि जाणाऱ्याला "पुन्हा या" म्हणायची तर नव्हतीच.

"काका, पेज काहून पाहिजे तुम्हाले? गिऱ्हाईक वाढवायचं आहे का?"

"वाढवून काय करू? ते आपलं आपण येते." त्यांनी सुतळीला गाठ मारली. "पोरी, माझा फोन वाजला की कोनीतरी गेलेलं असते. दिवाळीले साऱ्या गल्लीचे फोन दिवसभर टुन टुन करतात. तो समोरचा मिठाईवाला तर हैरान होऊन जाते. माझा फोन मुका. मी बी कोनाले पाठवत नाही. माझं नाव दिसलं की माणसाच्या पोटात गोळा येते. इतक्या लोकांच्या घरी जाऊन आलो मी, पन चांगल्या दिवशी कोनाले माझी आठवण नाही. तेवढं जमव."

कौमुदीला यात अवघड काही वाटलं नाही. तिने पेज सुरू केलं. लोक बघत होते, पण लाइक कोणी करत नव्हतं. तिने घरातूनच सुरुवात करायचं ठरवलं.

"मी लाइक केलं तर ऑफिसात दिसते ना," सुशीलराव म्हणाले. "सुशीलजी को यह पसंद है! खाली तिरडीचा फोटो. साहेब काय म्हणतीन?"

"आई, तू कर."

"मी केलं तर तुझी मावशी नागपुरातून फोन करन, कोन गेलं म्हणून."

तेव्हा तिने कोर्समध्ये शिकवलेला हुकमी उपाय काढला. जुन्या गिऱ्हाइकाला सणाला शुभेच्छा पाठवायच्या, आणि त्या नाव घेऊन पाठवायच्या. नाव घेतलं की माणूस विरघळतो, असं सर सांगत. तिने दुकानासाठी वेगळा नंबर घेतला, तो स्वतःच्या फोनवर चालू केला आणि अनंतरावांच्या फोनमधले सगळे नंबर एका झटक्यात त्यावर उतरवून घेतले. मजकूर एकदा लिहायचा, प्रत्येकाचं नाव फोन आपोआप घालणार. नंबर शेकड्यांनी होते. एकेक नाव वाचत बसायची गरज तिला वाटली नाही. शिवाय तिने, खाली दुकानाचं नाव-पत्ता येईल अशी, आपोआप उत्तराचीही सोय केली, कारण अनंतराव सामान घरपोच देत आणि अशा वेळी माणसाला उत्तरासाठी ताटकळत ठेवणं बरं नव्हे.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सकाळी, रांगोळीचे हात धुऊन, तिने बटण दाबलं.

'आदरणीय ... जी, आपको दीपावली की हार्दिक शुभकामनाएँ! आप स्वस्थ रहें, दीर्घायु हों। आपने हमें सेवा का अवसर दिया, हम आभारी हैं। आशा है, यह अवसर फिर मिलेगा।'

मजकुरातला शेवटचा भाग कोर्सच्या नमुन्यातला होता. तोच सर्वांत वाईट ठरेल असं एरवी वाटलं असतं, पण त्याच्याहूनही वाईट ठरलं ते वरचं नाव. अनंतरावांना फोन येत ते रडणाऱ्या, गोंधळलेल्या माणसांचे. ती माणसं स्वतःचं नाव सांगत नसत. कोण गेलं ते सांगत. अनंतराव नंबर त्याच नावाने ठेवत. इतक्या वर्षांत त्यांच्या फोनमध्ये जिवंत माणसाचं नाव जवळजवळ उरलं नव्हतं. कौमुदीने त्या सकाळी गावातल्या शेकडो मृतांना दीर्घायुष्य चिंतलं होतं, आणि तो निरोप त्यांच्या मुलांच्या, सुनांच्या, नवऱ्यांच्या हातात जाऊन पडला होता.

पहिलं उत्तर कोणा हिरालाल नावाच्या माणसाचं होतं. 'कौन है बे? मेरे बाबूजी को गुज़रे तीन साल हो गए।'

दुकानाचा फोन तत्परतेने बोलला. 'आपका संदेश मिला। हम शीघ्र ही आपके घर पहुँचेंगे।'

'काहे को? घर में सब ठीक हैं!'

'आपका संदेश मिला। हम शीघ्र ही आपके घर पहुँचेंगे।'

'ख़बरदार जो आए!'

'आपका संदेश मिला...'

उत्तरं धो धो येत होती आणि प्रत्येकाला दुकान घरी येण्याचं वचन देत होतं. तिने घाईघाईने माफी लिहिली आणि तीही सगळ्यांना एकदम पाठवली. घाईत एक गोष्ट राहून गेली. यादी तीच होती.

'आदरणीय ... जी, सुबह के संदेश से आपको जो कष्ट हुआ, उसके लिए हम क्षमा चाहते हैं। आगे से आपकी शांति भंग नहीं होगी।'

आता ज्यांनी पहिला निरोप हसून सोडून दिला होता, तेही चिडले.

तेवढ्यात बैठकीत सुशीलरावांचा फोन वाजला. साहेब होते. साहेबांची आई वर्षापूर्वी गेली तेव्हा अनंतरावांचा नंबर सुशीलरावांनीच दिला होता. नवा कुर्ता घातलेले सुशीलराव खुर्चीतून उठून उभे राहिले. "जी सर. नहीं सर. माताजी को... जी. नहीं सर, वे लोग घर नहीं आएँगे, मैं देखता हूँ सर. हैप्पी दिवाली सर."

फोन ठेवून ते वळले. "कौमुदी!"

ती दारात आली. तोंड उघडून ते काही बोलणार तोच त्यांना स्वतःच्या फोनवरचा न वाचलेला निरोप दिसला. 'आदरणीय कुमुदबाई चौबे कॉलोनी जी,' अशी सुरुवात होती. कुमुदबाई म्हणजे सुशीलरावांची आई. मागच्या वर्षी त्या गेल्या तेव्हा फोन सुशीलरावांनीच केला होता, आणि अनंतरावांनी त्यांचा नंबर त्यांच्या आईच्या नावाने ठेवला होता.

त्यांनी निरोप वाचला. मग दुसरा वाचला. क्षमाताईंनी झारा कढईत तसाच धरून ठेवला होता. आता घर डोक्यावर घेणार, या हिशोबाने दोघी उभ्या होत्या.

"दुकानाचे मेसेज तुझ्याच फोनवर येतात ना?" त्यांनी विचारलं.

"हव."

"सारे?"

"सारे, बाबा."

त्यांनी फोन कुर्त्याच्या खिशात ठेवला. "सोमवारी सिलतरा," असं शांतपणे म्हणून ते आतल्या खोलीत गेले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं, असं कौमुदीला वाटलं.

आपोआप उत्तराची सोय बंद करून ती दुपारी तात्यापाऱ्यात पोचली, ती शिव्या खायची तयारी करूनच. दुकानाबाहेर चपला होत्या. त्या दुकानाबाहेर चपला असणं नवीन नव्हतं, पण आज आतून भांडणाचा आवाज येत होता. ती पोचेपर्यंत तो थांबला आणि एक जाडजूड गृहस्थ मिशा पुसत बाहेर पडले.

"हा हिरालाल," अनंतराव म्हणाले. त्यांचा चेहरा विचित्र दिसत होता. "खूप बोलला मले. बाप काढला माझा."

"काका, माझी चूक झाली. मी नावं पाहिलीच नाही."

"ऐक तर. सकाळपासून किती जण येऊन गेले! मी पूजेचे लाडू ठेवले होते थाळीत. दरसाल ठेवतो, अन् दरसाल संध्याकाळी गाईले देतो. माझ्या दुकानातलं कोन खाईन? हा हिरालाल बोलून बोलून दमला. पानी मागतलं. पानी पेला, अन् बोलता बोलता एक लाडू उचलून खाल्ला. त्याच्या ध्यानातच नाही आलं." त्यांनी थाळी पुढे करून दाखवली. एका कोपऱ्यात खरंच एका लाडवाची जागा रिकामी होती. "मी बोललोच नाही काही. म्हटलं, बोललो तर थुंकून टाकन."

कौमुदीने थाळीतला एक लाडू उचलला. अनंतरावांनी दुसरीकडे पाहिलं आणि ते बराच वेळ सुतळीची गुंडी शोधत राहिले. ती त्यांच्या मांडीवरच होती.

"मग काका, पेज चालू ठेवायचं ना?"

"नको, पोरी. बंद कर. लोकांच्या जखमा उकरल्या जातात." त्यांनी थाळी जागेवर ठेवली. "अन् माझं काम झालं."

म्हणजे कौमुदीच्या धंद्यातली पहिली मोहीम यशस्वी झाली होती, आणि त्यामुळेच तिचं पहिलं गिऱ्हाईक गेलं होतं. हे घरी कोणत्या शब्दांत सांगायचं, ते तिला परतीच्या रस्त्यात सुचलं नाही. तिने सांगितलंच नाही. कोणी विचारलंही नाही.

पूजा झाली. कॉलोनीत फटाके सुरू झाले. कौमुदी मागच्या दाराच्या पायरीवर बसून दुकानाच्या नंबरवर आलेल्या शिव्या एकेक करून वाचत आणि प्रत्येकाची वेगळी माफी मागत होती. इतकं एक काम नीट करावं आणि मग सगळं बंद करावं, असं तिने ठरवलं होतं. तेव्हा एक नवा निरोप आला. वर नाव होतं, 'कुमुदबाई चौबे कॉलोनी'.

'आई, चकल्या यंदा मऊ झाल्या. तू असती तर बोलली असती. पोट्टीले सोमवारपासून सिलतऱ्याले पाठवून राहिलो. बरोबर करून राहिलो ना?'

कौमुदीने खिडकीतून आत पाहिलं. सुशीलराव खुर्चीत बसले होते. चष्मा नसल्यामुळे त्यांनी फोन हात लांब करून धरला होता. निरोप कोणाच्या फोनवर जातो, हे त्यांनी सकाळीच विचारून घेतलं होतं. तरी ते उत्तराची वाट बघणाऱ्या माणसासारखे बसले होते.

'बाबा, मी कौमुदी,' असं तिने लिहिलं आणि खोडलं. त्यांना ते माहीत होतं. 'नका पाठवू' असं लिहिलं आणि तेही खोडलं. आजीने कधी कोणाला सरळ हो किंवा नाही म्हटलं नव्हतं. ती उलटा प्रश्न टाकून स्वयंपाकघरात निघून जात असे. बऱ्याच वेळाने कौमुदीने लिहिलं.

'आच मोठी ठेवली असन. अन् पोट्टीले विचारलं का?'

आत फोन वाजला. मग खुर्ची सरकली आणि सुशीलराव मागच्या दारात आले. त्यांचे डोळे लाल झाले होते. धूर फार झालाय, असं ते म्हणाले. मागच्या बाजूला धूर नव्हता.

"आईचा मेसेज आला," त्यांनी आकाशाकडे बघत सांगितलं.

"काय म्हणते?"

"तुले विचारलं का म्हणते."

"मग विचारा ना."

"जाशील का सिलतऱ्याले?"

"नाही, बाबा."

"अन् करशील काय? ते गिऱ्हाईक तर गेलं असन."

"गेलं. दुसरं शोधीन. या वेळी नावं वाचून घेईन."

सुशीलरावांनी मान हलवली. "हव," ते म्हणाले. "रणजितले सांगतो मग. आमच्या आईनं नाही म्हटलं म्हणून."

"पण रणजितकाकांले माहीत आहे ना, आजी..."

"माहीत आहे. खांदा दिला होता त्यानं."

ते पायरीवर तिच्या शेजारी बसले आणि एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, टाइप करू लागले. थोड्या वेळाने कौमुदीच्या मांडीवरचा फोन थरथरला. तिने तो लगेच उचलला नाही. निरोप आजीला होता, आणि बाबा शेजारीच बसले होते.