केळाण्णांचं दोनरंगी गाव

एका जंगलात, मुलांनो, पूर्वी प्राणी एकमेकांना खात असत. पुढे तिथे मोबाईल आले आणि त्यांना एकमेकांकडे बघायलाही सवड उरली नाही. ज्याच्या त्याच्या पंजात एकच खेळ चालू असे. त्या खेळाचं नाव 'चढाई'.

चढाईत काय करायचं, तर राज्य घ्यायचं. आपला एक रंग निवडायचा, सैन्य जमवायचं आणि शेजारच्या गावांवर आपला रंग चढवत सुटायचं. सगळा नकाशा आपल्या रंगाचा झाला की कर्णा वाजायचा. सशांनी तर म्हणे तीन खंड जिंकले होते. बिळातून बाहेर पडायला मात्र ते अजूनही घाबरत.

हा खेळ काढला होता काटदरे नावाच्या साळिंदराने. काटदरे फार काटेकोर. 'चढाई'त सगळं इतिहासाला धरून आहे, असं ते भेटेल त्याला सांगत. एका शिरस्त्राणाला खिळे सतरा की अठरा, यावर त्यांनी तीन दिवस बैठक चालवली होती आणि चौथ्या दिवशी एका खेकड्याला कामावरून काढलं होतं.

आता खेळाचा नवा भाग निघायचा होता. त्यात समुद्रापलीकडची, आग्नेयेकडची राज्यं येणार होती. त्यासाठी तिकडचा माहीतगार हवा होता आणि सगळ्या जंगलात तसा एकच होता.

त्यांचं नाव केलाना. ते होते टापीर. टापीर म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक नसेल, जंगलालाही नव्हतं. खांदे काळे, पाठ पांढरी, पाय परत काळे, आणि नाक असं, की देवाने सोंड करायला घेतली आणि मधेच दुसरं काम निघालं. फार वर्षांपूर्वी ते एका गलबतातून इकडे आले आणि तळ्याकाठी राहिले. 'केलाना' म्हणजे त्यांच्या भाषेत भटक्या. जंगलाने आठवड्याभरात त्याचं 'केळाण्णा' केलं आणि जो तो त्यांच्यापुढे केळी ठेवू लागला. केळी त्यांना आवडत नसत. पण स्वभाव भिडस्त, खात राहिले.

इतक्या वर्षांत सगळ्यांनी त्यांना एकच विचारलं होतं, "अण्णा, तुम्ही डुक्कर की हत्ती?" तुमचा देश कसा होता, हे कुणी विचारलं नव्हतं. तो देश आता उरलाही नव्हता. नदीने वाट बदलली, बंदर गाळाने भरलं, गावं रानात गेली. मुआरा नावाचं त्यांचं गाव आता फक्त त्यांच्या डोक्यात उभं होतं आणि अण्णा तर थकले होते. आपल्यामागे मुआरा कुणाला कळणार, हा एकच घोर त्यांना होता.

म्हणून काटदऱ्यांचं बोलावणं आलं तेव्हा अण्णांनी तळ्यात दोनदा आंघोळ केली.

"कुणाचं लग्न आहे का आज?" शेजारच्या रानम्हैस द्वारकाकाकूंनी विचारलं.

"गावाला निघालोय," अण्णा म्हणाले.

काटदऱ्यांनी पाठीवरचा एक काटा उपसला, शाईत बुडवला आणि सुरुवात केली. "हं, तुमच्या राज्याची सीमा सांगा."

"सीमा नव्हती."

"नव्हती म्हणजे? हरवली?"

"नव्हतीच हो. राजा म्हणजे आपला दिवा. जवळ उजेड जास्त, लांब गेलं की कमी. पुढे दुसऱ्या राजाचा दिवा. आमचं मुआरा बरोब्बर मधे. दर तीन वर्षांनी आम्ही एक सोन्याचं फूल वरच्या राजाला पाठवायचो आणि एक खालच्या राजाला."

"दोघांनाही? मग गाव कुणाचं?"

"गावाचं."

काटदऱ्यांनी तेवढी जागा कोरी सोडली. "बरं, लढाई झाली की जिंकणारा जमीन किती घ्यायचा?"

"जमीन कशाला घेईल? जमीन ढिगाने पडली होती. कमी होते ते राबणारे हात. म्हणून जिंकणारा सुतारपक्षी न्यायचा, विणकर सुगरणी न्यायचा, नाचणारे मोर न्यायचा."

"आणि जमीन?"

"ती तिथेच राहायची. तिला कुठे पाय होते?"

अण्णा चार दिवस बोलत होते. कुठल्या घाटावर मासळी उतरायची, फूल घेऊन जाणाऱ्या होडीला कुणी कुणी खांदा द्यायचा, सगळं सांगत होते. काटदरे लिहून घेत होते. पाचव्या दिवशी त्यांनी खेळाचा नमुना दाखवला.

नकाशाभोवती जाड लाल रेघ होती. मधोमध एक भलंमोठं देऊळ होतं.

"हे आमच्याकडचं नाही," अण्णा म्हणाले. "हे उत्तरेकडचं. महिनाभराची वाट आहे. शिवाय ते बांधलं तेव्हा आमचं राज्य जन्मायचं होतं."

"पण आग्नेयेकडचंच ना?"

"हो, पण..."

"मग झालं तर."

"उद्या तुमच्या या जंगलाला कुणी वाळवंट म्हटलं तर?"

"कसं म्हणतील?" काटदऱ्यांचे सगळे काटे उभे राहिले. "काही अभ्यास नको का?"

सिंहासनावर एक हत्ती बसला होता. "हा कोण?" अण्णांनी विचारलं.

"तुम्हीच की. सोंड जरा आखूड वाटत होती, वाढवून घेतली."

सोन्याचं फूल तोफेत भरलेलं होतं. ते उडालं की शत्रूचे चाळीस सैनिक जागच्या जागी गार.

"अहो, ते फूल भेट द्यायचं असतं!"

"भेटच आहे," काटदरे म्हणाले. "फक्त लांबून दिली आहे."

अण्णांनी एकेक सोडत नेलं. देऊळ सोडलं, सोंड सोडली, तोफ सोडली. म्हातारपणी किती भांडायचं? पण मुआरापाशी येऊन ते अडून बसले. वरच्या राजाचा रंग लाल होता, खालच्याचा निळा. गाव नकाशात होतं आणि सबंध लाल होतं.

"हे अर्धं लाल, अर्धं निळं करा. एवढं एक तरी खरं ठेवा."

"एका गावाला एकच रंग, अण्णा. दोन रंगांचं काही आपल्यात चालत नाही."

अण्णांनी आपल्या काळ्या खांद्याकडे पाहिलं, मग पांढऱ्या पाठीकडे. "मी चालतो की," ते म्हणाले.

काटदऱ्यांची एक अडचण होती. खेळाच्या सुरुवातीलाच 'इतिहासाशी शंभर टक्के प्रामाणिक' असं झळकवायचं होतं आणि त्याखाली अण्णांच्या पायाचा ठसा हवा होता. अण्णा पाय उचलायला तयार नव्हते. दोन दिवस काटदरे खेळाचे नियम चाळत बसले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "तुमचंच खरं. मुआरा दोनरंगी."

अण्णांना इतका आनंद झाला, की त्यांनी एकाऐवजी दोन ठसे उमटवले.

खेळ बाहेर आला त्या सकाळी अण्णा द्वारकाकाकूंच्या मोबाईलवर वाकून बसले. नकाशात नदीच्या मुखाशी मुआरा होतं. वरचं अर्धं लाल, खालचं अर्धं निळं. अण्णांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "काकू, या वळणावर आमचं घर," ते म्हणाले. "इथे आई मला पोहायला सोडायची." काकूंनीही कानाने डोळे पुसले.

मग अण्णांनी हळूच गावावर नाक टेकवलं. एक चौकट उघडली. तिच्यात लिहिलं होतं: 'मुआरा. फितूर गाव. दोन राजांशी बेइमान. पहिल्याच चालीत जाळल्यास शंभर गुण.'

अण्णा धापा टाकत काटदऱ्यांकडे गेले.

"दोन राजे आहेत की नाहीत? दोन फुलं आहेत की नाहीत?" काटदरे म्हणाले. "तुमचा एक शब्द बदललेला नाही. पण खेळणाऱ्याला कळायला नको का, या गावाचं करायचं काय?"

"काही करायचं नाही. राहू द्यायचं."

"राहू द्यायला गुण कसे देणार, अण्णा?" काटदऱ्यांनी विचारलं, आणि मुलांनो, त्यांना खरंच प्रश्न पडला होता.

त्या दिवसापासून जंगल उठलं, की आधी मुआरा जाळायचं. द्वारकाकाकू तर तळ्यावर भेटल्या की हौसेने सांगायच्या, "अण्णा, आज तुमचं गाव मी जाळलं हो, आंघोळीच्याही आधी!" त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. शेजारधर्म म्हणून त्या दुसऱ्या कुणाचं गाव आधी जाळत नसत.

शेवटी अण्णांनी एक जुना मोबाईल मागून घेतला आणि तेही खेळू लागले. खेळ सुरू व्हायचा, 'चाल करा' अशी अक्षरं यायची. अण्णा चाल करायचे नाहीत. लाल राजा वर थांबून असायचा, निळा खाली, आणि मुआरा नदीकाठी उभं असायचं. अण्णा त्याच्याकडे बघत बसायचे. दहा मिनिटं कुणी हललं नाही, की खेळ आपोआप बंद पडायचा आणि 'तुम्ही हरलात' असं लिहून यायचं. अण्णा पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे.

महिनाअखेरीस जंगलाच्या गुणांची यादी लागली. तिच्यात केळाण्णा सगळ्यांत खाली होते, गोगलगायीच्याही खाली. सशांनी बिळातूनच ती वाचली आणि त्यांना फार वाईट वाटलं.

"बिचारे," ते म्हणाले. "स्वतःच्याच देशाचा इतिहास येत नाही."

तात्पर्य : मुलांनो, इतिहास अगदी अचूक असावा, आणि म्हणूनच तो परक्याकडून शिकावा. ज्याचं गाव असतं त्याला ते जाळवत नाही आणि मग त्याचे हकनाक शंभर गुण जातात.