मामंजींचं भिंग

आमच्या घरी पाहुणा आला की त्याला पाणी मिळायच्या आधी त्याच्या चपला तपासल्या जात. माझे सासरे, मामंजी, एकेक चप्पल उचलून पार नाकापाशी नेत, खिशातलं भिंग काढत आणि सांगत, "बार्शीच्या एसटीनं आलात. खिडकीशी बसलात. वैरागला उतरून भजी खाल्लीत."

पाहुणा म्हणायचा, "न्हाय मामा, मी शेळगीहून सायकलनं आलोय."

"पण बार्शीला जायचं मनात होतं का न्हाय?"

एक पाय उंबऱ्यात आणि एक बाहेर, अशा माणसाला लवकर आत यायचं असतं. तो म्हणायचा, "व्हय, होतं." मग मामंजी चप्पल खाली ठेवत आणि मला आतून पाण्याचा तांब्या नेता येई.

हे सगळं त्यांना मेघश्यामनं शिकवलं होतं. मेघश्याम हा वाचनालयातून येणाऱ्या खुनाच्या पुस्तकांतला गुप्तहेर. पण मामंजी त्याच्याविषयी असं बोलत की आमच्या शुक्रवार पेठेतल्या निम्म्या लोकांना तो आमचा कुणी पोलिसातला नातेवाईक वाटे. पोस्टमननं एकदा मला विचारलं होतं, "मेघश्यामसाहेबांची बदली झाली का हो?" मी नुसती मान हलवली. अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की माझा आवाज घशातच राहायचा.

मामंजी गिरणीतून घरी बसल्यावर हे वेड वाढलं. बाजारातून त्यांनी पितळी मुठीचं भिंग आणलं. आधी ते फक्त पुस्तकाशेजारी असायचं, मग कोटाच्या खिशात आलं, मग ताटापाशी. भाकरीसुद्धा भिंगातून बघून खाऊ लागले. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "अवं, भाकरीनं कुणाचा खून केलाय?"

"मेघश्याम म्हनतो, समोरच्यावर इस्वास ठेवू नये."

"मग करा आपल्या हातानं."

शेजारच्या व्यंकय्यावर त्यांचा विशेष संशय होता. तो सूत रंगवायचा. संध्याकाळी कोपरापर्यंत लाल हात घेऊन गल्लीत शिरला की मामंजी ओट्यावरून ओरडत, "थांबा! कुनी हलू नका." मग अगदी जवळ जाऊन त्याचा हात हुंगत.

"रगत हाय."

"रंग हाय मामा. सकाळपासनं टावेलाचं सूत बुडवतोय."

"खुनी आधी रंगच सांगतो."

व्यंकय्याचा स्वभाव मोठा चांगला. पुढं पुढं तोच लांबून सांगायचा, "मामा, आज दोन झाले. दोन्ही सावकार." मामंजी समाधानानं त्याला सोडून देत. एकदा मात्र त्यांनी "कुनी हलू नका" म्हणून ज्याला धरलं तो दोरीवर वाळत घातलेला आमच्या यांचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, सदरा होता. गल्ली आठ दिवस हसली. मीही पदराआड हसले.

आता माझं सांगते. माझी चौथीनंतर शाळा सुटली, पण वाचायची भूक राहिली. घरात दुसरं पुस्तक नव्हतं. दुपारी आत्याबाईंचा डोळा लागला की मी स्वयंपाक करता करता मेघश्यामला डब्यांच्या फळीवर उभा करून वाचायची. आत्याबाईंचं मत स्पष्ट होतं: बाईमाणसानं खुनाची पुस्तकं वाचली की तिच्या हातचं अन्न बाधतं. "सुनेनं हात लावलेला दिसला तर पुस्तक बंबात जाईल आणि वाचनालय बंद," असं त्यांनी मी लग्न होऊन आले त्याच वर्षी सांगून ठेवलं होतं. आणि त्या बोलल्या की करत.

एका सकाळी केर काढताना त्यांना पुस्तकाच्या पानावर हळदीचा अंगठा दिसला.

"ह्ये कुनाचं?" त्यांनी पुस्तक मामंजींपुढं धरलं. "लावा तुमच्या मेघश्यामला कामाला."

मामंजी उठले. त्यांनी दार लावून घेतलं. हे कामावर जायला निघाले होते, त्यांनाही अडवलं. "कुनी हलू नका. हात फुडं."

आधी यांचा हात हुंगला, मग आत्याबाईंचा. शेवटी माझा. मी नुकतीच आमटीला फोडणी दिली होती. बंबात जाळ चांगला धरला होता, तो मला दारातून दिसत होता. मामंजींनी भिंग माझ्या अंगठ्यावर धरलं, हुंगलं, पुन्हा हुंगलं. मग भिंग मिटल्या मुठीत घेऊन म्हणाले, "गुन्हेगार घावला. मीच त्यो."

"तुमी?"

"राती पिठलं खाऊन हात न धुता बसलो वाचत."

"राती वांगं हुतं."

"मग वांग्यात हळद न्हाय व्हय?"

आत्याबाई पुस्तक आपटून आत गेल्या. जाताना म्हणाल्या, "जन्मात ह्येवढा एकच तपास बरोबर निघाला."

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्याबाई देवळात गेल्या होत्या. मामंजी बाहेरच्या खोलीत नवं पुस्तक मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी भिंतीकडं बघत हाक दिली, "पोरी, मागच्या पुस्तकात खून कुनी केला?"

परीक्षाच वाटली. मी दाराआडून म्हणाले, "वकिलाच्या मेव्हण्यानं."

त्यांनी मांडीवरचं पुस्तक मिटलं. मग म्हणाले, "मला वाटलं आचाऱ्यानं केला."

मेव्हण्याला बेड्या पडल्या त्याच पानावर माझा अंगठा उमटला होता. ते पान त्यांनी वाचलंच नव्हतं.

"कधीपासनं?" मी विचारलं.

"दिवाळीच्या आदीपासनं. अक्षरं मुंग्यांवानी पळत्यात. भिंगाखाली बी थांबंनात." ते जरा हसले. "घरात कळलं तर म्हनतील, दिसत न्हाय तर पुस्तक कशाला."

चपला, भाकरी, व्यंकय्याचे हात, दोरीवरचा सदरा. सगळं एकदम माझ्यापुढं येऊन उभं राहिलं. कुणी हलू नका, असं ते का म्हणत तेही.

"मग माझं कसं कळलं तुम्हाला?"

"वाचनालयाच्या पुस्तकाला उंदराचा वास येतो. आपल्या घरी चार दीस ऱ्हायलं की फोडनीचा येतो. लई महिनं येतोय."

"डॉक्टरला दाखवा मामंजी. मी यांना सांगते."

"सांग की. पन वाचनालयवाला म्हनला, ह्यात मेघश्याम तळघरात अडकलाय. आधी त्याला भाईर काढू." त्यांनी पुस्तक उंबऱ्यावर ठेवलं आणि हात मागं घेतला.

मी उंबऱ्याच्या आत बसले. "वाढू का" आणि "आणते" याखेरीज त्या घरात माझा आवाज कुणी ऐकला नव्हता. मी पहिलं पान वाचलं. मामंजी डोळे मिटून ऐकत होते. पान संपल्यावर म्हणाले, "मेघश्याम इतक्या हळू बोलतो, ह्ये मला ठावं न्हवतं. जरा मोठ्यानं बोल म्हनावं त्याला."

मी पदराला हात पुसले आणि मोठ्यानं वाचू लागले.