पोरगी द्यावी असा देश

आमच्या अमरावतीच्या शाळेत वानखडे मास्तर भूगोल शिकवायचे. कुठलाही देश आला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "इथं पोरगी द्याची काय?"

मी चित्रकलेचा मास्तर, शेजारच्याच वर्गात. भिंतीपलीकडून रोज जगाची सोयरीक ऐकायचो. अरबस्तान? पाण्याची बोंब, नको. इजिप्त? "नदी हाये, कापूस हाये. पाहाले जाऊ." व्यापारही तसाच शिकवायचे, "आपला कापूस मँचेस्टरले नांदाले गेला, धोतर होऊन माहेरी आला."

याला कारण होतं. मास्तर दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यातले. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, मग तिकडे मुलगी कोण देणार? मास्तरांची सोयरीक पाच ठिकाणी मोडली होती. सहाव्या ठिकाणी पाण्याचं कोणी विचारलंच नाही, म्हणून वहिनी घरात आल्या. हे त्या स्वतःच हसत सांगायच्या.

दुसरं वेड प्रमाणाचं. त्यांचे नकाशे मीच काढायचो. मास्तर पट्टी लावून पाहणार, आणि सूतभर चुकलं की नकाशा परत. "बापू, समुद्र काय तुह्या बापाचा हाये? जेवढा हाये तेवढाच दाखव." मी मनात शिव्या घालत पुन्हा काढायचो.

मग त्यांच्या एकुलत्या एका मुलीला, शांताला स्थळ आलं. मुलगा अकोल्याचा, इंजिनिअर, पण नोकरी कॅनडात. वहिनींनी डोळ्याला पदर लावला. मास्तर नकारच देणार, अशी माझी खात्री होती. मी समोरच चहा पीत बसलो होतो. शांता एवढंच म्हणाली, "बाबा, तिथं गोड्या पान्याची तळीच तळी हायेत. तुमीच शिकवलं."

मास्तरांनी हातातली बशी खाली ठेवली. "पोट्टीनं बापालेच नापास केलं," ते म्हणाले. "देतो बापा."

लग्न झालं, शांता गेली. पंधरा दिवसांनी मास्तर माझ्या वर्गात आले.

"जगाचा नकाशा काढून दे, घरासाठी. अमरावती आन् तिचं गाव, दोन्ही लाल शाईनं."

मी पट्टी उचलली. मास्तर जागचे हलेनात.

"बापू, अंतर जरासं कमी काढजो. तिची माय रोज पाहीन."

मी अटलांटिक चांगला चार बोटं आटवला. पुढे त्यांच्या घरी गेलो, तर नकाशा वहिनींच्या स्वयंपाकघरात नव्हताच. बाहेरच्या खोलीत, मास्तरांच्या खाटेसमोर टांगला होता. पट्टी मात्र त्यांनी कधी लावली नाही.