देव पाण्यात ठेवण्याची सुधारित कार्यपद्धती

निसर्ग कोपला की माणसाने नम्र व्हावे, असे सर्व धर्मांत सांगितलेले आहे. नम्र होणे म्हणजे नेमके काय करायचे, हे मात्र कुठेच स्पष्ट नसल्याने आपल्याकडे समिती नेमतात. यंदा सोलापुरात एप्रिलमध्येच पारा चव्वेचाळीसवर गेला आणि 'पारंपरिक शहाणपण व हवामानबदल समिती' स्थापन झाली. निवृत्त मुख्याध्यापक आणि शुक्रवार पेठेतला जुना रहिवासी म्हणून मला तिच्यावर अशासकीय सदस्य नेमण्यात आले. (अशासकीय म्हणजे ज्याला चहा मिळतो, पण ज्याची सही लागत नाही.) समितीचे काम मी जवळून पाहिले आहे आणि त्याविषयी मला आदरच वाटतो.

समितीने जिल्ह्यातून दोनशे बारा परंपरा गोळा केल्या. त्यांपैकी एकशे चाळीस कोणत्या दिवशी काय खावे याबद्दल होत्या आणि एकतीस कोणत्या दिवशी काय खाऊ नये याबद्दल. उरलेल्या एक्केचाळीस खरोखरच निसर्गाबद्दल होत्या: ओढा बुजवू नये, देवाच्या नावाने राखलेल्या झाडाला कुऱ्हाड लावू नये, विहिरीचा तळ दिसू लागला की उपसा थांबवावा, वगैरे. या फार थोर परंपरा आहेत. अध्यक्ष सुबोधराव त्या वाचताना दोनदा भारावले. परंतु त्यांत एक तांत्रिक दोष आढळला. त्या पाळायच्या म्हटले तर कुणाला तरी काहीतरी कमी वापरावे लागत होते. अशा चाळीस परंपरा 'प्रेरणादायी' या मथळ्याखाली परिशिष्टात घालण्यात आल्या. कुणीही काहीही न सोडता पाळता येईल अशी एकच शिल्लक राहिली: पाऊस पडेपर्यंत महादेवाला पाण्यात कोंडणे.

ही पद्धत तुम्हाला ठाऊक असेलच. अभिषेकाचे पाणी ज्या वाटेने देवळाबाहेर पडते ते गोमुख बुजवायचे, पिंड बुडेपर्यंत गाभाऱ्यात पाणी भरायचे आणि दार लावून घ्यायचे. देवाचा जीव गुदमरला की तो पावसाची व्यवस्था करतो. (अधिकाऱ्यांच्या बाबतीत हा प्रयोग अद्याप झालेला नाही.) पूर्वी गावकरी विहिरीवरून घागरी आणून गाभारा भरत. आता विहिरीच कोरड्या असल्याने शास्त्रात किंचित सुधारणा करून टँकर मान्य करण्यात आला.

पहिल्या प्रयोगासाठी उजनी धरणाच्या फुगवट्यापासून सहा किलोमीटरवरचे बोरधानोरे निवडले. फुगवटा आटत मागे सरकला होता आणि त्याच्या मागोमाग पाइप टाकत मोटारीही गेल्या होत्या, त्यामुळे गावचा ऊस हिरवागार होता. (उसाला कोंडण्याची परंपरा आपल्याकडे नाही.) गावाबाहेर बौद्ध वस्तीची सेहेचाळीस घरे होती. त्यांना आठ दिवसांतून एक टँकर मिळे. महादेवाला सुरुवातीला एक पूर्ण टँकर आणि पुढे बाष्पीभवनापोटी दर तिसऱ्या दिवशी अर्धा, असे प्रमाण ठरले. देव एकटाच असला तरी त्याच्यावर जिल्ह्याची जबाबदारी होती.

समितीने रीतसर जनसुनावणी घेतली. ज्यांच्याकडे वाडवडिलांचे ज्ञान असेल त्यांनी ते लेखी आणावे, असे दवंडीत सांगितले होते. शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या मीनाबाई वस्तीतून आल्या, पण ज्ञान तोंडीच घेऊन आल्या.

"आमच्या वस्तीचा आड हाय, साहेब. माझा सासरा दर सालाला उपसायचा. गाळ काडला की पाणी लागतंय. धा मानसं अन् दोर द्या, टँकर बी नगं."

सुबोधरावांनी शांतपणे ऐकून घेतले. मग त्यांनी समजावले की हे शहाणपण नव्हे, ही मजुरी आहे. तिचा विभाग वेगळा, अर्ज वेगळा आणि मुदत मार्चमध्येच संपलेली. तथापि योजना सर्वधर्मीय असल्यामुळे वस्तीनेही आपले दैवत पाण्यात ठेवायला समितीची हरकत नव्हती. तसे केल्यास वस्तीला स्वतंत्र अर्धा टँकर देय होता. मला ही सूचना उदार वाटली. मीनाबाईंना ती वाटली नाही.

"आमचे बुद्ध काय पाऊस द्यायला बसल्याले न्हाईत," त्या म्हणाल्या. "त्यास्नी कशाला बुडवायचं? तहान आमाला लागलीय की."

हे उत्तर नमुन्यातील कोणत्याही रकान्यात बसत नसल्याने 'लागू नाही' असे लिहिण्यात आले.

अक्षय्य तृतीयेला देव कोंडला. चार दिवस सारे शास्त्रोक्त चालले. पाचव्या दिवशी पाहणीला गेलो तर पिंड अर्धी उघडी. देवळाच्या मागच्या अंगाला गोमुखातून बोटभर धार पडत होती आणि तिथे वस्तीतल्या बायका हंडे घेऊन अगदी शिस्तीत रांगेत उभ्या होत्या. (अशी शिस्त मी समितीच्या भोजनातही पाहिलेली नाही.) रांगेत सगळ्यांत पुढे मीनाबाई होत्या.

चौकशी तिथेच झाली. देवाचे पाणी नेता का, असे सुबोधरावांनी विचारले.

"व्हय, नेतो की. भाईर आल्यालं नेतो. आत तर आमाला कवा कुनी बोलावलंच न्हाय."

गोमुखाचा बोळा आतून निघाला होता. गाभाऱ्याची किल्ली एकट्या नारायण गुरवांकडे होती, म्हणून त्यांना बोलावले. सत्तरीचे गृहस्थ. खाली बघत म्हणाले, "देव घुसमटत हुता. भाईर ल्येकरं तान्हेली. मला बगवंना." मी ते वहीत उतरवून घेतले. पण श्रद्धा हा समितीच्या कक्षेतला विषय नव्हता आणि अहवालात हे वाक्य आले नाही.

अहवालात पुढील निष्कर्ष आले. एक, पद्धत अचूक आहे. दोन, पाऊस न पडण्याचे कारण वस्तीने पाणी पिणे, हे आहे. तीन, गोमुख सिमेंटने बंद करून किल्ली तलाठ्याकडे द्यावी. चार, देवाचे झालेले नुकसान भरून काढण्यासाठी वस्तीचा टँकर पाऊस पडेपर्यंत गाभाऱ्याकडे वळवावा.

चौथा मुद्दा लोकांच्या पाण्याचा असल्यामुळे लोकांना विचारणे भाग होते. समितीने बुडालेल्या पिंडीचा सुंदर व्हिडिओ काढला, मागे शंखनाद टाकला, वर 'आपल्या पूर्वजांचे विज्ञान' असे लिहिले आणि तो मोबाईलवर सगळीकडे सोडला. खाली बारीक अक्षरांत तीन ओळींचा प्रस्ताव होता, आणि हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावे, अशी विनंती. तो तुमच्याकडेही आला होता. हरकत एकही आली नाही. जोडलेले हात एकवीस हजार सातशे चार आले. सुबोधरावांनी ते संमती म्हणून मोजले आणि आज सकाळी वस्तीचा टँकर देवळाकडे वळला.

मीनाबाईंना मी तो आकडा दाखवला. त्यांनी तो एकेका अंकावर बोट ठेवून वाचला. मग त्यांनी विचारले, "एवड्या मानसास्नी आमचा कसला राग हाय, गुर्जी?"

राग कुणाचाच नाही, असे मी त्यांना सांगितले. चांगली माणसे आहेत, फक्त त्यांनी खालपर्यंत वाचले नव्हते. तुम्ही आता वाचले आहे. मुदत काल संपली.