चुलीवर तडकलेल्या काठीची हकीकत

श्रीजलदेवता सुप्रसन्न असो. शके सोळाशे त्र्याण्णव, खरनाम संवत्सर, आश्विन मास. ते वर्षी पावसाने मुक्काम हालविला नाही. हुजुरांचे पैलतीरीच्या राजाशी नदी ओलांडावयाच्या उतारावरून सात वर्षे वैर चालत आले होते, आणि आता उभयतां राजांनी नदीतीरी बसून मासे धरावे, बोलणे करावे, ऐसे ठरले. मग हुजुरांनी गळखान्याचे कारभारी सुभानजी ढमाळे यांस आज्ञा केली की, परवा प्रातःकाळी गळाच्या दोन काठ्या सिद्ध असाव्या.

काठ्या बांबूच्या चिरफळ्या सरसाने जोडून केलेल्या, दोर रेशमी, आणि गळास पिसांची माशी बांधलेली, की ती पाण्यावर टाकिली असता खडस मासा किडा समजून झडप घाली. परंतु ओल हा त्यांचा काळ. म्हणोन सुभानजी दोर काठीच्या गुंडाळावयाच्या चाकावरून उतरवून सावलीत ताणीत, वाळल्यावर मेण लावीत, माशा उघड्या करंडीत ठेवीत, काठ्या पुसून खुंटीस टांगीत. ऐशियास अकरा दिवस ऊन नाही, भिंती पाझरू लागल्या, आणि त्यांस चैन पडेना. दोन घास खावे आणि उठावे, काठीस हात लावावा, दमट लागावी, आणि पुन्हा पुसावी.

पत्नी गोदूबाई म्हणाल्या, "अहो, किती पुसाल? काठी आहे की तान्हे मूल?"

"सरस सुटला तर पाहुण्याच्या हाती काय देऊ? तुमचे लाटणे?"

ऐसे बोलून त्यांनी जे बावीस वर्षांत केले नव्हते ते केले. रुपेरी कड्यांची उत्तम काठी चुलीच्या धगीस धरिली. घटकाभराने कट्ट ऐसा आवाज जाहला आणि चिरफळ्यांत केसाएवढी फट पडली. मग घाबरून तीत मेण भरिले, वर हात फिरविला. फट दिसेना, परंतु सुभानजींस ती डोळे मिटले तरी दिसे.

नेमिल्या प्रातःकाळी उभय राजे आले. हुजुरांनी रुपेरी काठी पाहुण्यास द्यावी म्हणून उचलली, तोच सुभानजी पुढे होऊन पायांवर पडले. "महाराज, ती देऊ नये. मी चुलीवर शेकली. मासा लागताच मोडेल."

"काल का नाही सांगितले?"

"धीर जाहला नाही."

हुजूर बहुत क्रोधास आले. परंतु धड काठी पाहुण्यास दिली आणि आपण रिकामेच बसले. पाहुण्यांनी पुसिले, "आपण गळ का टाकीत नाही?"

हुजूर म्हणाले, "आमची काठी आमच्याच माणसाने भाजली."

पाहुणे खदखदां हसले. "आमच्या माणसाने दोर ओलाच गुंडाळला, तो कुजला, आणि त्याने अजून सांगितलेले नाही! बसा. एकीनेच धरू, पाळीपाळीने."

मग तिसऱ्या प्रहरापर्यंत एक काठी दो हातांत फिरली, आणि फिरता फिरता सात वर्षांचे बोलणे निघाले. मासा लागला तो एक, वीतभर. तो पाण्यात सोडिला. सुभानजी घरी आले ते अंगावरची ओली वस्त्रे न बदलता आधी दोर ताणावयास बसले.

एवंच, उतार उभयतांस मोकळा जाहला, काठी एक गेली, कारभार सुभानजींकडेच राहिला. आणि त्यांचे चित्त मात्र पाऊस असेतो ठिकाणी आले नाही.